पगार वाढवायचा की कामाची रीत बदलायची?

गोव्यातल्या कळंगुट-बागा पट्ट्यात लहान हॉटेल चालवणाऱ्याला सीझन तोंडावर आला की एकच पेच पडतो: माणसे टिकवायची कशी? मानसशास्त्राकडे यावर उत्तरे पुष्कळ आहेत, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत.

माणसाच्या गरजा अन्न-पाणी, सुरक्षितता अशा पायऱ्यांनी वर चढतात, असे सांगणारा मानसशास्त्रज्ञ मास्लो (१९४३) सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या मूळ लेखात तो प्रसिद्ध पिरॅमिड नाहीच, आणि गरजा तशा पायरीपायरीने चढतात याला पुढच्या संशोधनात भक्कम आधारही मिळाला नाही. सरकारी नोकरीचा कॉल आला की आपला वेटर का जातो, एवढे मात्र त्याची ‘सुरक्षितता’ सांगून जाते.

खरी निवड हर्झबर्ग आणि व्रूम या दोन मानसशास्त्रज्ञांत आहे. हर्झबर्गने १९५९ मध्ये पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर-अकाउंटंटांच्या मुलाखतींवरून मांडले, की पगार, कामाची परिस्थिती, साहेबाचे वागणे बिघडले तर माणूस वैतागतो. सुधारले म्हणून मन लावून काम करीलच असे नाही. त्यासाठी जबाबदारी आणि कौतुक लागते. मुद्दा पटतो, पण ती माणसे टेबलावर बसून काम करणारी होती. शिवाय मुलाखतीत यश आपले आणि अपयश कंपनीचे, असे कोण सांगत नाही?

व्रूमचा (१९६४) हिशेब मला अधिक कामाचा वाटतो. कष्ट केले तर काम साधेल का, साधले तर मोबदला मिळेल का, आणि तो मला हवा आहे का? या तिन्हींचा गुणाकार. एक शून्य, तर सगळे शून्य. गणेशचवथीत दुप्पट ओव्हरटाइम दिला तर ओडिशाचा कुक खुशीने थांबेल. इथल्याच डिचोलीच्या रिसेप्शनिस्टला त्या दिवसांत पैसे नकोत, रजा हवी. आणि गेल्या वर्षीचा बोनस बुडवला असेल, तर यंदाच्या आश्वासनाची किंमत शून्यच.

पैशाने उलटेही होते, असे काहीजण म्हणतात: मानसशास्त्रज्ञ डेसीच्या १९७१ च्या प्रयोगात कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा त्यातला रस उतरला. पण कोडी मुळातच मजेची होती. संडास धुण्याला हा नियम लावून पैसे वाचवू नका.

माणसे सीझनच्या मध्येच सोडून जात असतील तर आधी हर्झबर्ग: स्टाफरूममधले पाणी, पंखे, मॅनेजरची जीभ. सोबत ॲडम्सही वाचा (माणूस आपला मोबदला दुसऱ्याशी ताडून न्याय-अन्याय ठरवतो, हे त्याचे म्हणणे), कारण सर्व्हिस चार्जच्या वाटपात प्रत्येकजण शेजाऱ्याचा वाटा मोजतोच. माणसे टिकतात पण काम कसेबसे रेटतात, असे असेल तर व्रूम घ्या आणि प्रत्येकाला काय हवे ते सप्टेंबरातच विचारा.