एडीएचडीसाठी सेन्सरी ओटी: सात-आठ महिन्यांनंतर काय वाटतं

एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या मुलाला सेन्सरी ओटी, म्हणजे हालचाल, स्पर्श अशा संवेदनांवर काम करणारी ऑक्युपेशनल थेरपी, लावू का असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितेय. मुलगा दुसरीत आहे, आत्तापर्यंत आठवड्यातून दोनदा जायचा. एकाग्रता वाढेल म्हणून लावत असाल तर फार अपेक्षा ठेवू नका, आमच्याकडे फरक पडला तो जेवताना, कपडे घालताना आणि शाळेतून आल्यावरच्या त्या भयंकर तासाभरात.

सेंटरमधले झोपाळे आणि मोठाले बॉल बघून सासूबाई म्हणाल्या, "खेळायला एवढे पैसे?" दिसतं तसंच खरं. पण मॅडम नुसता झोका देत नाहीत, पोटावर झोपून झोका घेता घेता खालच्या बीनबॅग्ज उचलून बादलीत टाकायच्या, तेही आधी लाल मग निळी असं लक्षात ठेवून. गोल फिरवणं मात्र बेताबेतानेच, जास्त झालं की हा शांत व्हायच्या ऐवजी घर डोक्यावर घेतो.

सगळ्यात कामाला आलं ते हेवी वर्क, म्हणजे स्नायूंना आणि सांध्यांना जोर लागेल असं काहीही. भिंत ढकलायची, हातांवर चालायचं (पाय मी धरते), किराण्याची पिशवी जिन्याने वर आणायची. अभ्यासाच्या आधी कणीक मळायला देते, पोळ्या वातड होतात पण नंतर गणिताचं एक पान तरी खुर्चीवरून न उठता होतं. आणि याला खर्च शून्य! वजनाचं जॅकेट मात्र घेतलं ते वायाच, थोड्याच दिवसांत कपाटात गेलं.

आधीच्या एका सेंटरवर "गोळ्या बंद करा, थेरपीनेच बरा होईल" असं ऐकवलं, तिथून निघालोच. सेन्सरी थेरपीची ही पद्धत जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने मांडली, १९७० च्या दशकात ती बरीच पसरली, पण २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितलंय की इतर उपचारांच्या जोडीला चालेल, पुरावा मर्यादित आहे. आमची गोळी आणि वागणुकीसाठीचं पालकांचं ट्रेनिंग दोन्ही चालूच आहे, त्यामुळे कशाचा गुण किती ते छातीठोक नाही सांगता येणार.

थेरपिस्ट निवडताना एवढंच बघा की ध्येय कागदावर लिहून देतात का आणि सेशन चालू असताना तुम्हाला आत बसू देतात का. "सेन्सरी सुधारेल" हे काही ध्येय नाही, "ताटावरून न उठता जेवेल" हे आहे. आमच्या कागदावरचं जेवण आणि बूट-मोजे जमलं, अक्षर अजून तसंच कोंबडीचे पाय, म्हणून आता आठवड्यातून एकदाच आणि फक्त लिखाणासाठी जातोय.