ल्यूरची बारा खणांची पेटी : नऊ महिन्यांनंतर

ल्यूर म्हणजे मासे पकडायचं खोटं आमिष, आणि ही ते ठेवायची पेटी. बारा खण, पारदर्शक झाकण, तळाला काळा फोम. मापं देत बसत नाही. 39 डॉलर पडले. दुसऱ्याच आठवड्यात परीक्षण लिहून पाच तारे देऊन मोकळा झालो होतो, ते आता परत घ्यायला आलोय.

गेल्या रविवारी झाकण उघडलं तर क्रीक चब या जुन्या अमेरिकन कंपनीच्या माझ्या 'पायकी' ल्यूरच्या पांढऱ्या पोटावर तपकिरी डाग. हात लावला, तर रंग बोटाला आला. पायकी लाकडी, काचेच्या डोळ्यांची. तोंडाशी पत्र्याचा ओठ, त्यावर गॅरेट, इंडियाना आणि 9-7-20 असं ठोकलेलं. (नवशिक्यांनो, ही तारीख पेटंटची, ल्यूरच्या जन्माची नव्हे. तोच ठसा पुढे वर्षानुवर्षं मारला जात होता. मीही '1920 ची मिळाली!' म्हणून घरभर नाचून घेतलंय.) मिशिगनमध्ये एका गराज सेलला 25 डॉलरला घेतली होती. 2003 साली हॅस्केल मिनो नावाचा तांब्याचा एक जुना ल्यूर लिलावात 1,01,200 डॉलरला गेला, त्याच्या पासंगालाही ती पुरायची नाही. पण जुने ल्यूर जमवायच्या या छंदात लाकडाला कोण विचारतो, पैसा मूळ रंगाचा असतो. हेडन कंपनीचा जुना डोवॉजॅक मिनो ल्यूर का असेना, वरून नवा रंग मारलाय हे कळलं की लोक उलटासुलटा बघतात आणि गुपचूप खाली ठेवतात.

फोम विरघळला, दुसरं काय! कंपनीला लिहिलं. फोटो पाठवा. पाठवले. अजून जवळून पाठवा. पाठवले. चौथ्या मेलला उत्तर आलं की पेटी मासेमारीच्या सामानासाठी आहे, जुन्या वस्तू जपण्यासाठी नाही. अहो, मग झाकणावर 'कलेक्टर' कशाला छापलंत?

पाचवी मेल लिहिण्याआधी डाग भिंगाखाली धरले आणि तिथेच घोळ झाला. बारीक, शेजारी शेजारी आखल्यासारख्या रेघा होत्या. फोम सपाट, तो रेघा कुठून मारणार? शेजारच्या खणात ॲक्रनच्या आर्बोगास्ट कंपनीचा हुला पॉपर हा ल्यूर होता. त्याच्या कमरेला रबराच्या झिरमिळ्यांचा घागरा असतो. माझ्यावरचं जुनं रबर काकवीसारखं चिकट झालेलं, आणि चार झिरमिळ्या खणाची भिंत ओलांडून थेट पायकीच्या पोटावर टेकलेल्या. बायकोने बघितलं आणि एवढंच विचारलं, "शेजारी कोणी ठेवला होता?"

रत्नागिरीला गरवायला जायचो तेव्हा एक गरी आणि कोलंबीचा तुकडा, संपला पसारा. कोणाशेजारी कोणाला ठेवायचं हा प्रश्नच नव्हता.

तर फोम निर्दोष. शब्द मागे घेतो. हुला पॉपरचा घागरा काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलाय. टाकवत नाही, मूळचा आहे ना. आमिष म्हणून वापरायचे मऊ प्लॅस्टिकचे किडेही टणक ल्यूरसोबत ठेवू नका, ते तर प्लॅस्टिकसुद्धा वितळवतात. कंपनीला दिलगिरीची मेल टाकली, त्यांनी पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट दिली. सोडतो होय! दुसरी पेटी घेतली.

पण खटका. खटक्याबद्दल कोणीच कसं लिहीत नाही? पहिले दोन महिने 'टक्' असा खणखणीत आवाज यायचा, मन भरून यायचं. तिसऱ्या महिन्यापासून 'फुस्'. आता पेटी जरा तिरकी उचलली की झाकण आपोआप उघडतं, आणि आत बारा ल्यूरचे तिहेरी गळ. एकदा एक गळ स्वेटरच्या बाहीत असा अडकला की बाही कापावी लागली. ल्यूर कापायची सोय नव्हती. नव्या पेटीचा खटका तर पहिल्या दिवसापासूनच 'फुस्'. रंगाचं मी माफ केलं, ती चूक माझी होती. खटक्याचं नाही. तीन तारे, तेही फोमला.

रबरबँड लावणार होतो. हात थांबला. सध्या दोन्ही पेट्यांना पायजम्याची नाडी बांधलीय. सुती.