चालता चालता बंद पडणारी स्पोर्ट्‌स कार आणि स्वस्त ब्लूटूथ ओबीडी डोंगल

इंजिनचा पिवळा दिवा लागला की बहुतेक जण ओबीडी डोंगल घेतात, म्हणजे गाडीच्या निदान सॉकेटमध्ये खोचून तिची माहिती फोनवर आणणारं छोटं यंत्र. कोड (गाडीने नोंदवलेल्या बिघाडाचा क्रमांक) वाचायचा, कोड उडवायचा, विषय संपला. मधूनच बंद पडणाऱ्या गाडीवर ते असं वापरलं तर हाती काही लागत नाही, कारण या दुखण्यात कोड बऱ्याचदा पडतच नाही. क्रँक सेन्सरचा (इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल गेला की इसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, आरपीएम (मिनिटाला फेरे) शून्य दिसतो आणि चालकानेच इंजिन बंद केलं असं तो समजतो. तक्रार नोंदवायची कशाला? पण हेच डोंगल रेकॉर्डर म्हणून लावून ठेवलं, तर बंद पडण्याआधीचे आणि नंतरचे पाच सेकंद हातात येतात, आणि निदान तिथेच होतं. इथे त्याला जोखलं आहे ते या एका कामासाठी.

आधी वस्तूबद्दल. आतली चिप म्हणजे ईएलएम३२७ ची नक्कल. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. डोंगलवर ‘व्ही १.५’ छापलेलं असेल तर ती नक्कल आहे हे उघडच आहे, कारण एल्मने १.५ आवृत्ती कधी काढलीच नाही, १.४ नंतर थेट २.० आली. मात्र १.५ वाल्या नकला तुलनेने बऱ्या निघतात. ‘व्ही २.१’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक नकलांत अर्ध्या आज्ञा गायब असतात आणि जुन्या प्रोटोकॉलच्या गाड्यांशी त्या बोलतच नाहीत. आयफोन असेल तर ब्लूटूथ एलई किंवा वायफायचं मॉडेल घ्यावं लागतं. साधं ब्लूटूथ त्याच्याशी जुळत नाही.

घेण्याआधी गाडीचं वय बघा. ओबीडी-२ अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. पोर्शे ९४४ किंवा ९११ कॅरेरा ३.२ यांसारख्या गाड्यांत हे सॉकेटच नाही, तिथे डोंगलचा उपयोग शून्य. या गाड्यांत पहिला संशय डीएमई रिलेवर (इंजिनच्या संगणकाला आणि पेट्रोल पंपाला वीज जोडणाऱ्या स्विचवर) घ्यायचा. त्याच्या आतल्या सोल्डरला केसाएवढ्या भेगा पडतात, रिले तापला की जोड सुटतो, थंड झाला की पुन्हा जुळतो. नवा रिले लावून बघणं हा तिथला सर्वांत स्वस्त प्रयोग. तो निष्फळ ठरला तर फ्लायव्हीलजवळचे (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाजवळचे) दोन सेन्सर.

आता वेग, कारण खरी अडचण इथेच येते. २००८ च्या आसपासपासून सर्रास आलेल्या कॅन बसच्या (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या वेगवान जाळ्याच्या) गाडीत बरं डोंगल सेकंदाला वीसहून जास्त आकडे आणतं. त्याआधीच्या के-लाइनच्या (जुन्या, संथ जोडणीच्या) गाडीत, म्हणजे पोर्शे बॉक्स्टर ९८६ सारख्या, सेकंदाला चार-सहा आकडे मिळाले तरी समाधान मानायचं. ॲपमध्ये हौसेने वीस मापं निवडली तर प्रत्येकाची पाळी चार सेकंदांनी येते, आणि इंजिन अर्ध्या सेकंदात विझतं. म्हणून जुन्या गाडीत चारच मापं ठेवा: आरपीएम, गाडीचा वेग, इसीयूला मिळणारं व्होल्टेज आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (इसीयू क्षणोक्षणी पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते). इसीयू व्होल्टेज देत नसेल तर त्या जागी मॅप (इनटेकमधला दाब) किंवा एमएएफ (आत येणारी हवा). कॅनची गाडी असेल तर ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा), थ्रॉटल आणि कूलंटचं तापमानही घ्या. टॉर्क, कार स्कॅनर अशा ॲपमध्ये सीएसव्ही फाइल (आकड्यांचा तक्ता) साठवता येते. रेकॉर्डिंग सुरू करून फोन बाजूला ठेवायचा. गाडी चालवताना पडद्याकडे बघायचं नाही. इंजिन विझलं की ब्रेक आणि स्टीअरिंग जड होतात, तेव्हा दोन्ही हात चाकावरच हवेत.

कोड असतीलच तर ते उडवण्याआधी फ्रीझ फ्रेमसकट (कोड पडला त्या क्षणाच्या मापांच्या नोंदीसकट) पडद्याचे फोटो काढा. कोड उडवले की फ्रीझ फ्रेम जाते, बऱ्याच गाड्यांत शिकलेले ट्रिमही पुसले जातात. म्हणजे पुरावा आपणच नष्ट केला. पेंडिंग कोडचं (अजून पक्क्या न झालेल्या कोडचं) पान वेगळं असतं, तेही उघडा. पी०३३५ (क्रँक सेन्सर), पी०३४० (कॅम सेन्सर), पी०५६२ (व्होल्टेज कमी) किंवा पी०६८५ (इसीयूचा पॉवर रिले) यांपैकी काही सापडलं तर बरीच पायपीट वाचते.

आता फाइल वाचणं. मॅन्युअल गिअरच्या गाडीत एक युक्ती फार कामाची आहे. मागेपुढे वाहन नसलेल्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असताना इंजिन गेलं, तर क्लच लगेच दाबू नका. दोन सेकंद चाकांना इंजिन ओढू द्या, मग क्लच दाबून कडेला घ्या. किल्ली मात्र चालत्या गाडीत लॉकपर्यंत फिरवायची नाही. या दोन सेकंदांत इंजिन खरोखर फिरत असतं, त्यामुळे आरपीएम काय दाखवतो यावरून कारणांची फाळणी होते. (ऑटोमॅटिकमध्ये चाकं इंजिनला खात्रीने ओढत नाहीत, तिथे ही चाचणी सोडून द्या.)

वेग पन्नासचा असताना आरपीएम एका फटक्यात शून्य झाला, व्होल्टेज मात्र ठीक आहे: क्रँक सेन्सर, त्याचं कनेक्टर किंवा वायर. बॉक्स्टर ९८६ मध्ये हा सेन्सर तापल्यावर दगा देतो, हे जगजाहीर आहे. गाडी तापली की बंद, थंड झाली की जणू काही झालंच नव्हतं. खात्रीसाठी सेन्सर काढून ओहम मोजा, मग हेअर ड्रायरने तापवून पुन्हा मोजा. इंडक्टिव्ह सेन्सरचा (आत नुसती तारेची गुंडाळी असलेल्या) रोध साधारण ५०० ते १५०० ओहम असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. तापल्यावर मीटर ‘ओपन’ (जोड तुटलेला) दाखवू लागला तर निकाल लागला. हॉल सेन्सरला (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या) ओहमची चाचणी लावू नये, तिथे ऑसिलोस्कोप लागतो. आणि तीन तारा दिसल्या म्हणजे हॉलच, असंही समजू नका. तिसरी तार नुसतं शील्डही असू शकते.

आरपीएम वेगाच्या प्रमाणात हळूहळू उतरतोय: सेन्सर शाबूत आहे, गेलंय ते पेट्रोल किंवा ठिणगी. इथे बरेच मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर ०.१ व्होल्टवर आलेला बघून ‘पेट्रोल कमी पडलं’ म्हणून मोकळे होतात. घाई झाली. ठिणगी गेली तरी न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि आकडा तोच येतो. फरक आधीच्या सेकंदांत शोधायचा. पंप किंवा फिल्टर दम सोडत असेल तर शॉर्ट टर्म ट्रिम +५ वरून +१५, +२० असा चढत जातो, पिकअप पडतो, मग इंजिन जातं. ठिणगी कसलीही सूचना न देता जाते. फुल थ्रॉटलवर मात्र ट्रिमवर विसंबू नका, कारण तिथे इसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही. त्या वेळी साध्या नॅरोबँड सेन्सरने ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवायला हवेत. भर वेगात तो ०.५ च्या खाली घसरला तर पेट्रोल अपुरं पडतंय.

सगळीच मापं एकदम थांबली, ॲपवर ‘नो डेटा’ आलं, पण ब्लूटूथ जोडलेलंच आहे: इसीयूचा वीजपुरवठा तुटला. कोऱ्या रकान्यांकडे बघून रेकॉर्डिंग बिघडलं असं वाटतं, पण या सगळ्या फाइलीत यापेक्षा मोलाचा पुरावा नाही. डोंगलला वीज सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवरून थेट बॅटरीची मिळते, इसीयूला मुख्य रिले आणि इग्निशन स्विचमधून. म्हणून इसीयू मेला तरी डोंगल जिवंत राहतं. तेव्हा मुख्य रिले, इग्निशन स्विचचा विजेचा भाग, अर्थिंग आणि नंतर बसवलेल्या अलार्मचे जोड बघा. स्पोर्ट्‌स कारमध्ये असे टेप गुंडाळलेले जोड हमखास सापडतात. इंजिन आयडलला ठेवून किल्ली हलवा, रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा, वायरिंगचा जुडगा हलवून बघा.

याच कामात डोंगलचा एक दुर्लक्षित गुण आहे. ते स्वतःचं व्होल्टेज वेगळं मोजतं (टर्मिनलमध्ये एटीआरव्ही ही आज्ञा), इसीयू स्वतःचं वेगळं सांगतो. डोंगल १४.१ म्हणतंय आणि इसीयू १२.३, तर मधल्या वाटेवर कुठेतरी रोध आहे. पण नकलांचं मोजमाप अर्धा व्होल्टही चुकतं, म्हणून आधी मल्टिमीटरशी ताडून फरक लिहून ठेवा. पुढची पायरी मल्टिमीटरचीच: इंजिन चालू, दिवे आणि पंखा चालू, बॅटरीची ऋण बाजू आणि इसीयूचं अर्थिंग यांत ०.१ व्होल्टच्या आत फरक हवा. ०.२ च्या वर गेला तर बोल्ट सोडून, घासून पुन्हा आवळा. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांसारख्या, बॅटरी डिकीत असलेल्या गाड्यांत या तारा लांब असतात, तिथे हे आधी करा.

सिग्नलला थांबताना किंवा आयडललाच बंद पडणारी गाडी वेगळी. लाँग टर्म ट्रिम (इसीयूने शिकून ठेवलेली पेट्रोलची कायमची दुरुस्ती) आयडलला +१५ आणि अडीच हजार आरपीएमला जवळपास शून्य, तर व्हॅक्यूम लीक (फटीतून न मोजलेली हवा आत शिरते). उलट भार वाढेल तसा ट्रिम वाढत असेल तर एमएएफ किंवा पेट्रोलचा पुरवठा. पेट्रोल भरल्यावर लगेच बंद पडत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकला असावा. टर्बो आणि एमएएफ असलेल्या गाडीला कुणी बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला असेल, तर ॲक्सिलरेटर सोडताच मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रण अति रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि इंजिन गुदमरतं. त्या ‘फुस्स’ आवाजाची ही किंमत. हलकं फ्लायव्हील बसवलेल्या गाडीत आरपीएम आयडलच्या खाली झपकन जातो, तो दोष कुठल्याही सेन्सरचा नाही.

डोंगल काय दाखवत नाही? पोर्ट इंजेक्शनच्या (इनटेकमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) बहुतेक गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर दाखवत नाही, कारण तिथे तो सेन्सरच नसतो. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) खरा गेज लावावा लागतो. पुष्कळ गाड्यांत ३ बारच्या आसपास प्रेशर असतं. टाकी पावच्या खाली असताना लांब वळणावर पेट्रोल पिकअपपासून दूर सरकतं आणि इंजिन अडखळतं, तेही फाइलीत फक्त ‘लीन’ (पेट्रोल कमी) म्हणून उमटतं. वळण होतं की सरळ रस्ता, हे फोनच्या जीपीएसची नोंद त्याच फाइलीत घेतली असेल तरच कळतं. ती घ्याच. क्रँक सेन्सर ज्या दातेरी चाकाचे दात मोजतो, त्यातला सिग्नलमध्ये हरवलेला एखादा दात दिसण्याइतका वेग तर या डोंगलच्या आवाक्याबाहेरचा आहे.

रेकॉर्डरसाठी पाचपैकी चार, कोड वाचण्यासाठी अडीच. के-लाइनची गाडी असेल तर पहिल्यातूनही एक वजा करा. बहुतेकांना पासवर्ड १२३४ असतो, त्यामुळे गाडी लावून जाताना डोंगल सॉकेटमध्ये ठेवू नका. दुसरं कारण बॅटरीचं: ते सतत साधारण ४० मिलिॲम्पिअर खातं, म्हणजे दिवसाला जवळपास एक ॲम्पिअर-तास. आठवडेच्या आठवडे झाकून ठेवलेल्या गाडीची ४५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी महिनाभरात सेल्फ मारेनाशी होते.