वनहक्क समिती की जैवविविधता समिती?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरील मित्राने विचारले की, गावच्या रानावर देखरेख ठेवण्याचे काम यांपैकी कोणाकडे द्यावे. अधिकाराच्या बाबतीत २००६ च्या वनहक्क कायद्याची बाजू भक्कम आहे, कारण हक्कधारक असलेल्या भागात कलम ५ नुसार रान आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार थेट ग्रामसभेला मिळतो. मात्र गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर होईपर्यंत पुरावे, नकाशे आणि कचेरीच्या खेपा यांत बराच काळ जातो. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील समिती पंचायतच नेमते, त्यामुळे खटाटोप कमी. पण तिचा मुख्य भर लोक जैवविविधता नोंदवहीवर असतो. भिरंडीला (कोकमाला) फळ कधी धरले, देवरायीतला कोणता वृक्ष उन्मळला, हे तिथे नेमके उतरते (सांगायला मात्र जुन्या गुराख्यांनाच बसवावे). तोड अडवायची असेल तर पहिली, स्थानिक माहिती जपायची असेल तर दुसरी पुरे.