योसेमिटी की ग्रँड कॅन्यन : निसर्गचित्रणासाठी एकच उद्यान निवडायचे झाल्यास

हाताशी चार-पाच दिवस आहेत, कॅमेरा आणि ट्रायपॉड आहे, आणि अमेरिकेच्या पश्चिम भागातील एकाच राष्ट्रीय उद्यानाला भेट देणे शक्य आहे, अशा वेळी बहुतेकांचे घोडे कॅलिफोर्नियातील योसेमिटी आणि ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यन या दोन नावांपाशी येऊन अडते. पर्यटक म्हणून यांपैकी कुठेही गेले तरी पश्चात्तापाची वेळ येत नाही. छायाचित्रकाराला मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, तो असा की डोळ्यांना जी भव्यता दिसते तिच्यातील किती चौकटीत उतरेल. या कसोटीवर दोन्ही जागा एकमेकींपासून फार दूर पडतात. योसेमिटी नवख्या हाताला सांभाळून घेते, ग्रँड कॅन्यन घेत नाही. आणि तरीही काही महिन्यांत, काही प्रकारच्या कामासाठी, मी ग्रँड कॅन्यनच निवडेन.

योसेमिटीची मुख्य दरी सुमारे ११ किलोमीटर लांब आणि सरासरी दीड किलोमीटरहून कमी रुंद आहे. तिच्या तळाशी उभे राहून आपण वर पाहतो, आणि या एका गोष्टीने छायाचित्रकाराचे निम्मे काम हलके होते. एल कॅपिटनचा ग्रॅनाइटचा कडा तळापासून ९०० मीटरहून अधिक उंच उठतो, ब्रायडलव्हेल धबधबा १८९ मीटरवरून कोसळतो, समोरून मर्सेड नदी वाहते, कडेने कुरणे आणि ओकची झाडे आहेत. येथील विषय सुटे सुटे आहेत. प्रत्येकाला स्वतःचा आकार आहे, पायथ्याशी जवळचा भाग म्हणून मांडायला पाणी, दगड किंवा झाड आहे, आणि उंचीचा अंदाज देणारे देवदारांसारखे वृक्ष कड्याच्या तळाशी आयतेच उभे आहेत.

१९३३ मध्ये खुल्या झालेल्या वावोना बोगद्याच्या तोंडाशी असलेले टनेल व्ह्यू हे ठिकाण याचे उत्तम उदाहरण आहे. डावीकडे एल कॅपिटन, उजवीकडे ब्रायडलव्हेल आणि मधोमध दूरवर हाफ डोम हा ग्रॅनाइटचा घुमट, अशी मांडणी निसर्गानेच करून ठेवलेली आहे. तोंड पूर्वेकडे असल्यामुळे सकाळी सूर्य थेट भिंगात येतो आणि कडे काळ्या कागदातून कातरल्यासारखे दिसतात. खरे काम दुपार कलल्यावर सुरू होते. दरीचा तळ सर्वांत आधी सावलीत जातो, पाठोपाठ एल कॅपिटन निवत जातो आणि शेवटची काही मिनिटे केवळ हाफ डोमच्या माथ्यावर केशरी उजेड उरतो. पाऊस किंवा हिमवर्षाव नुकताच थांबला असेल, तर कड्यांना बिलगलेल्या ढगांच्या चिंध्या या सगळ्यात मिसळतात. त्यामुळे हवामान बिघडले म्हणून टनेल व्ह्यूकडे पाठ फिरवू नये. उलट त्याच दिवशी तेथे जावे.

हाफ डोमचा तासलेला चेहरा वायव्येकडे आहे, म्हणून तो सकाळभर सावलीत असतो. १० एप्रिल १९२७ रोजी प्रसिद्ध निसर्गछायाचित्रकार अँसेल ॲडम्स मोठ्या कॅमेऱ्याचे ओझे घेऊन बर्फातून चढून त्याच्या समोर पोहोचले, तेव्हा त्यांनाही कड्यावर ऊन येईपर्यंत थांबावे लागले होते. तोवर काचेच्या दोनच प्लेट, म्हणजे दोनच चित्रांपुरती सामग्री, उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून खर्च केली, आणि मनातले काळेभोर आकाश त्यातून येणार नाही हे उमगल्यावर शेवटच्या प्लेटसाठी गडद लाल फिल्टर लावला. जगाला माहीत असलेले हाफ डोमचे चित्र या शेवटच्या प्लेटचे आहे. आज आपल्याकडे प्लेटची टंचाई नाही, पण कोणता कडा कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे नकाशावर आधी पाहून ठेवण्याची गरज तेवढीच आहे, आणि योसेमिटीत या पूर्वतयारीचे फळ लगेच मिळते.

ग्रँड कॅन्यनमध्ये सगळे उलटे होते. येथे आपण काठावर उभे राहून खाली पाहतो. दरीची लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २९ किलोमीटर आणि खोली सुमारे १.६ किलोमीटर आहे, आणि या आकड्यांतच छायाचित्रकाराची अडचण दडलेली आहे. समोर शेकडो सुळके, कंगोरे आणि उपदऱ्या एकाच वेळी दिसतात. त्यांतील एकही स्वतःहून पुढे येत नाही. भर दुपारी सूर्य माथ्यावर असताना सावल्या नाहीशा होतात, हवेतील धूसरपणामुळे दूरचे थर निळसर करड्या रंगात विरघळतात आणि डोळ्यांना थक्क करणारे दृश्य पडद्यावर भिंतीला लावलेल्या जुन्या नकाशासारखे सपाट दिसते. माझ्या तेथील पहिल्या संध्याकाळच्या दोनशेहून अधिक चित्रांपैकी ठेवण्याजोगी दोनच निघाली, आणि तीही सूर्य बुडाल्यानंतरची, बहुतेक लोक गाड्यांकडे परतत असतानाची होती.

मात्र सूर्योदयानंतरची आणि सूर्यास्तापूर्वीची वीस-पंचवीस मिनिटे ही दरी बदलून टाकतात. दरीचा सर्वसाधारण कल पूर्व-पश्चिम असल्याने तिरपे ऊन तिच्या लांबीतून आत शिरते, प्रत्येक सुळक्याची एक बाजू पेटते, दुसरी काळोखात राहते आणि इतका वेळ एकमेकांत मिसळलेले थर सुटे होतात. होपी पॉइंटसारखी दरीत पुढे घुसलेली टोके यासाठी सोयीची असतात, कारण तेथून दोन्ही दिशांना पाहता येते. अशा वेळी वाइड अँगल लेन्स पिशवीत ठेवून १०० ते ४०० मिलिमीटरची लांब, म्हणजे दूरचे जवळ आणणारी, लेन्स काढावी. तिच्यातून प्रकाश वरून खाली पायऱ्या उतरताना दिसतो: आधी माथ्यावरचा फिकट कैबाब चुनखडक, मग कोकोनिनो वाळूखडकाचा साईच्या रंगाचा पट्टा, त्याखाली रेडवॉलचे उभे कडे. रेडवॉलचा लाल रंगही त्याचा स्वतःचा नाही. तो मुळात करडा चुनखडक आहे आणि वरच्या थरांतून पाझरणाऱ्या पाण्याने आणलेल्या लोहामुळे त्याला रंग चढला आहे. जेथे कड्याचा ताजा तुकडा निखळलेला असतो तेथे आतला करडा दगड उघडा पडलेला दिसतो, आणि असा एखादा डाग धरून केलेली चौकट दहा विस्तीर्ण दृश्यांपेक्षा अधिक काही सांगून जाते.

साहित्याच्या निवडीत त्यामुळे मोठा फरक पडतो. योसेमिटीत १६–३५ आणि २४–७० मिलिमीटरच्या लेन्सवर बहुतेक काम भागते; ग्रँड कॅन्यनमध्ये लांब लेन्स नसेल तर निम्मी चित्रे हातची जातात. फिल्टरच्या बाबतीत गंमत अशी आहे की वर गडद आणि खाली पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर ग्रँड कॅन्यनमध्ये झकास चालतो, कारण समोरच्या उत्तर काठाची क्षितिजरेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ आहे. योसेमिटीत तोच फिल्टर एल कॅपिटनचा माथा विनाकारण काळवंडून टाकतो, म्हणून तेथे कमी-अधिक एक्स्पोजरची तीन चित्रे घेऊन ती नंतर जोडणे श्रेयस्कर ठरते. ट्रायपॉड दोन्हीकडे हवाच. फक्त ग्रँड कॅन्यनच्या काठाला बहुतेक ठिकाणी कठडा नाही, हे डोळा व्ह्यूफाइंडरला लावून चौकट जुळवण्यासाठी पाऊल सरकवताना विसरू नये.

निवडीचा खरा निकाल ऋतू लावतो, आणि येथे आवडीनिवडी बाजूला ठेवून पंचांग पाहावे. योसेमिटीचे धबधबे वितळणाऱ्या बर्फावर चालतात. मे आणि जूनमध्ये ७३९ मीटर उंचीचा योसेमिटी फॉल्स भरात असतो, आणि वसंतातील पौर्णिमेच्या आसपास त्याच्या खालच्या टप्प्याच्या तुषारांत चांदण्याचे इंद्रधनुष्य उमटते. ऑगस्टपर्यंत मात्र हाच धबधबा बहुधा आटून कातळावरचा ओला डाग उरतो. ऑक्टोबरअखेरीस ओकची पाने पिवळी पडतात आणि नदी संथ होऊन प्रतिबिंबे स्पष्ट मिळतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात एल कॅपिटनच्या पूर्व कडेवरून पडणारा हॉर्सटेल फॉल मावळतीच्या उन्हात जेमतेम दहा मिनिटे वितळलेल्या लोखंडासारखा दिसतो. पण त्यासाठी धबधब्यात पाणी हवे, पश्चिमेचे आकाश निरभ्र हवे, आणि गर्दीत तासन् तास उभे राहण्याची तयारी हवी. एवढ्या एका चित्रासाठी संपूर्ण सहल पणाला लावणे मला शहाणपणाचे वाटत नाही. हिवाळ्यात टायोगा रोड आणि ग्लेशियर पॉइंटचा रस्ता बंद असतो, तरी दरी खुली राहते आणि बर्फातली दरी त्या दोन्हींची भरपाई करते.

ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे २१०० मीटर उंचीवर असून वर्षभर खुला असतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तेथे दुपारी वादळी पाऊस येतो, आणि एरवी कोरे राहणारे आकाश ढगांनी, पावसाच्या झालरींनी व विजांनी भरून जाते. पाऊस हवेतील धूसरपणाही धुऊन काढतो. विजा कडाडत असताना काठावर धातूचा ट्रायपॉड मांडून उभे राहणे हा जिवाशी खेळ आहे, त्यामुळे वादळ दूर असताना किंवा ओसरल्यावरच काम करावे. हिवाळ्यात लाल थरांवर बर्फाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, आणि क्वचित खाली थंड हवा अडकून संपूर्ण दरी ढगांनी काठोकाठ भरते. हे दृश्य नशिबाचा भाग आहे. त्यावर बेत आखता येत नाही.

रात्रीच्या चित्रणात ग्रँड कॅन्यन उजवे ठरते. २०१९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या काळ्या आकाशाचे उद्यान, म्हणून पूर्ण मान्यता मिळाली. दक्षिण काठाच्या पूर्व टोकाला असलेल्या डेझर्ट व्ह्यूच्या बाजूला गेल्यावर आकाशगंगा खुल्या क्षितिजावर दिसते, तर योसेमिटीच्या दरीत उंच कडे आकाशाचा बराच भाग झाकून टाकतात.

नियम आणि खर्च यांनी निवड बदलत नाही. ड्रोनला राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे. जानेवारी २०२५ च्या कायद्यानंतर आठ किंवा त्याहून कमी माणसांच्या गटाला, हातात वाहून नेण्याजोगे साहित्य असल्यास आणि इतरांना अडथळा होत नसल्यास, चित्रे विकायची असली तरी सहसा परवाना लागत नाही. खासगी गाडीचे सात दिवसांचे प्रवेशशुल्क दोन्हीकडे ३५ डॉलर आहे. २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या १६ किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला या दोन्ही उद्यानांत १०० डॉलर जादा द्यावे लागतात, अन्यथा २५० डॉलरचा वार्षिक पास घ्यावा लागतो. पहाटेच्या हालचालींत मात्र फरक आहे. होपी पॉइंटकडे जाणारा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो, त्यामुळे तेथील सूर्योदय बसच्या वेळापत्रकावर अवलंबून राहतो. स्वतःची गाडी असेल तर दक्षिण काठावरचाच लिपन पॉइंट गाठणे सोपे पडते, आणि तेथून खालची कोलोरॅडो नदीही दिसते.

पहिलीच गंभीर निसर्गचित्रणाची सहल असेल आणि तारीख मे-जून, ऑक्टोबरअखेर किंवा हिवाळ्यातली असेल, तर योसेमिटी निवडावे. चार दिवसांत तेथे जे शिकायला मिळेल ते ग्रँड कॅन्यनमध्ये आठ दिवसांत मिळणार नाही. लांब लेन्स जवळ आहे, दिवसाचे मधले आठ तास कॅमेरा बंद ठेवण्याइतका धीर आहे किंवा रात्रीच्या आकाशाची ओढ आहे, त्याने ग्रँड कॅन्यनला जावे. आणि सुट्टी फक्त ऑगस्टमध्येच मिळत असेल, तर नवख्यानेही योसेमिटीच्या आटलेल्या धबधब्यांपेक्षा दक्षिण काठावरचे पावसाळी ढग पत्करावेत, मुक्काम काठाजवळच करावा आणि सलग किमान तीन संध्याकाळी हाताशी ठेवाव्यात.