नववीला सीपीआर: एकदाच शिबिर, की पीटीच्या तासाला थोडं थोडं?

नववीच्या पोरांना सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवायला सोलापुरातल्या शाळांपुढे दोन वाटा आहेत: वर्षातून एकदा डॉक्टरांना बोलावून दिवसभराचं शिबिर, किंवा दर दोन-तीन महिन्यांनी पीटीच्या तासातली 15-20 मिनिटं सरावाला.

शिबिर जमवायला सोपं. तज्ज्ञ समोर असतात, शंका तिथंच फिटतात. पण एवढ्या पोरांत छाती दाबायच्या सरावाचा एकच पुतळा असला तर बहुतेकांचे हात त्याला लागतच नाहीत. आणि सीपीआर हे हातांचंच काम आहे: छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. नुसतं ऐकून हे जमत नाही. जमलेलंही सरावावाचून काही महिन्यांत हातातून जातं.

पीटीच्या तासाला प्रत्येकाची पाळी येते. दोन मिनिटांत दम लागतो, मग दुसऱ्यानं जागा घ्यायची, हेही अंगवळणी पडतं. अडचण एकच: आधी शिक्षकांना नीट शिकवायला हवं, नाहीतर चुकीची पद्धतच पक्की होईल.

मला दुसरी वाट पटते. शिबिर शिक्षकांसाठी जरूर घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून मार्चमधला सराव उष्माघाताचा हवा: सावलीत नेणं, अंगावर पाणी, वारा, 108 ला फोन, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी अजिबात नाही. सीपीआरची उजळणी डिसेंबरात, जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेआधी. त्या गर्दीत कुणी कोसळलं, तर रुग्णवाहिका वाट काढत येईपर्यंत शेजारचं नववीतलं पोरगं दाब देत राहू शकतं.