२५ मिमीचा ‘जर्मन’ रॉड : कोल्हापूरच्या गाडीवेड्यांनो, जरा जपून

गाडीचं मॉडेल सांगत नाही. दोन दरवाजांच्या गाड्या कोल्हापुरात अशा किती असणार? नाव घेतलं की मालकाचं घरही कळेल. सेकंड हॅन्ड घेतलेली, रिअर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कार आहे, एवढं पुरे. मला फसवणाऱ्या गॅरेजवाल्याचंही नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात न्यायचं चाललंय. पण त्याने काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण ही युक्ती मी तरी आधी ऐकली नव्हती.

वाघबीळ ओलांडून पन्हाळ्याकडे चढताना गाडी वळणात एका अंगावर झुकायची. त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे पुढचा अँटी रोल बार जाड करणं. आपले मेकॅनिक त्याला स्टॅबिलायझर रॉड म्हणतात. डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारा हा स्प्रिंग स्टीलचा वाकवलेला रॉड. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तर तो बुशमध्ये, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या रबरात, नुसता फिरतो. वळणात एक चाक दाबलं गेलं आणि दुसरं सुटलं, की त्याला पीळ बसतो आणि तो पीळ गाडीला झुकू देत नाही. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. माझा मूळ रॉड २२ मिमीचा, भरीव. २५ मिमीचा भरीव टाकला तर ताठपणा दीडपटीच्या वर जातो. तीन मिलिमीटरसाठी ३४,००० रुपये मोजायला माणूस तयार होतो तो यामुळे.

गडी बोलायला गोड. ‘भावा, नाद खुळा काम करून देतो. जर्मनीचा माल हाय.’ रॉडचे फोटो दाखवले, परदेशी कंपनीचा स्टिकर असलेलं खोकं दाखवलं. त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तो पुढचाच रॉड विकत होता, ‘अंडरस्टिअर जाईल’ म्हणून. अंडरस्टिअर म्हणजे स्टिअरिंग वळवूनही गाडीचं तोंड वळणाच्या बाहेर जाणं. खरं तर पुढचा बार ताठ केला की बहुतेक गाड्यांचं अंडरस्टिअर वाढतं; फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत जाणकार मागचा बार जाड करतात तो म्हणूनच. माझ्या गाडीचं झुकणं कमी करायला मात्र पुढच्या बारचा उपयोग होता, त्यामुळे त्याची थाप माझ्यापुरती खपून गेली.

२०,००० ॲडव्हान्स यूपीआयने, तेही दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या खात्यावर. उरलेले रोख. सकाळी गाडी सोडली, संध्याकाळी आणायला गेलो. लिफ्टवर गाडी, खाली लालभडक रॉड, नवे बुश, रॉडची टोकं सस्पेन्शनला जोडणाऱ्या नव्या लिंक रॉड. त्याने स्वतःहून जाडी मोजायचा व्हर्नियर माझ्या हातात दिला. ‘मोजून घ्या, उगीच मनात शंका नको.’ मोजला, बरोबर २५! जुना रॉड मागितला तर म्हणाला, भंगारवाला दुपारीच येऊन गेला. पावतीवर नुसतं ‘सस्पेन्शन काम’. जीएसटी नंबर नाही की पार्ट नंबर नाही.

गाडी चालवल्यावर फरकही जाणवला, आणि खरी मेख तिथंच आहे. जुने बुश आणि लिंक रॉड झिजलेले असले, की नुसते ते बदलले तरी स्टिअरिंग एकदम चोख वाटतं. आठशे-हजाराच्या रबरावर त्याने ३४,००० चं समाधान विकलं.

पावसाळ्यात पुढून ठक्-ठक् आवाज सुरू झाला. त्याच्याकडे न जाता गाडी उद्यमनगरात नेली. तिथं माझ्या आत्याच्या मिस्टरांचा लेथचा शेड आहे. मामांनी गाडीखाली बॅटरी मारली, रॉडला नख लावलं आणि माझ्याकडे बघितलं. नख रुतलं होतं. स्टीलमध्ये नख रुततं होय?

‘बसवायच्या आधी वजन केलंतंस काय रं?’

‘नाही मामा. मी बघितला तेव्हा बसवलेलाच होता.’

त्यांनी ब्लेडने उभी चीर दिली. वरचं लाल साल दीड मिलिमीटर जाड, केळीसारखं सोलून निघालं. विजेच्या पॅनेल बोर्डात बसबारवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीवर, चढवतात ती प्लास्टिकची हीट श्रिंक स्लीव्ह! गरम हवा मारली की आवळून बसते. दोन्ही बाजूंनी दीड-दीड, म्हणजे २२ चे झाले २५. आत माझाच रॉड, कंपनीचा काळा रंग आणि पांढऱ्या पेंटचा ठिपका जसाच्या तसा. भंगारवाल्याने नेलेला म्हणतात तो हाच. बुशखाली स्लीव्ह चिरडून तिचा भुगा झाला होता, आवाज त्या मोकळ्या जागेचा. लोहचुंबक लावून बघितला असता तरी उपयोग नव्हता, एवढ्या पातळ स्लीव्हमधूनही तो चिकटतोच.

मामांचा हिशोब उद्यमनगरातल्या पोरासोरांनाही पाठ असतो : मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे भरीव गोल सळीचं मीटरला किलो. २२ ची जवळपास ३ किलो, २५ ची ३.८६. सव्वा मीटरच्या रॉडमध्ये किलोभराचा फरक पडतो, किराणा दुकानातल्या काट्यावरही दिसेल. मात्र चांगल्या कंपन्यांचे काही बार मुद्दाम पोकळ असतात, तेव्हा वजनासोबत भिंतीची जाडी विचारा. २५ मिमीची ३ मिमी भिंतीची नळी २२ च्या भरीव रॉडपेक्षा जेमतेम दहा-अकरा टक्के ताठ भरते. त्यासाठी एवढा खर्च करायचा का, हे आधी ठरवा.

आणि जुना पार्ट काम संपायच्या आत ताब्यात घ्या. सकाळी गाडी सोडतानाच सांगा, ‘काढलेला रॉड डिकीत टाका, मी नेणार.’ ज्याला फसवायचंय त्याची पंचाईत इथंच होते, कारण त्याच्याकडे रॉड एकच असतो.

सोललेलं साल घेऊन गेलो तेव्हा गडी म्हणाला, ‘माल वरनंच तसा आला.’ माझाच रॉड वरून कसा आला, याचं उत्तर नाही. मग अर्धे पैसे हप्त्याने देतो म्हणाला, नंतर फोन उचलायचा बंद. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पावती कच्ची असली तरी व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यूपीआयची नोंद, सोलतानाचा व्हिडिओ हे सगळं जपून ठेवलंय.

त्याचं दुकान सुरू आहे. जाहिरातीत अजून तोच लाल रॉड दिसतो. कुणी बसवून घेतला असेल तर गाडीखाली वाकून एकदा नख लावून बघा.